बाळ रडलं नाही, आता काय करायचं?

आमच्या एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या, दाराबाहेर एक लाकडी बाकडं आहे. त्यावर बसलेली माणसं वर्षानुवर्षं मला तेच प्रश्न विचारत आली आहेत. "सिस्टर, लेकरू काचेच्या पेटीत कशाला ठेवलंय?" "मेंदूला काही झालं का?" आणि अगदी हळू आवाजात, सून ऐकणार नाही अशा बेतानं, "हिनं ग्रहण पाळलं नव्हतं, त्याचं असेल का?" मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २२ वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची १२ वर्षं नवजात बाळांच्या कक्षात. ड्युटीवर असताना एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नाही. म्हणून बाकड्यावर बसून सांगितलं असतं ते सगळं इथे लिहिते आहे.

ग्रहणाचं आधी संपवते. ग्रहणाचा, पपईचा, बाईनं कुठे पाय ठेवला याचा, जन्माच्या वेळी बाळ गुदमरून मेंदूला इजा होते त्या आजाराशी काहीही संबंध नाही. तिला दोष देऊ नका. येत्या तीन दिवसांत तिच्याकडून फार महत्त्वाचं काम करून घ्यायचं आहे.

आत नेमकं काय होतं

पोटातल्या बाळाचा ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेवाटे येतो. ही वाट अडली की बाळ गुदमरतं. नाळ बाळाच्या आधी खाली सरकते, वार वेळेआधी सुटते, बाळ अडतं आणि तासन् तास अडून राहतं, गर्भाशय फाटतं, नाहीतर कळा इतक्या लागोपाठ येतात की दोन कळांच्या मध्ये बाळाला सावरायला वेळच मिळत नाही. गळ्याभोवती नाळेचा वेढा तर कितीतरी धडधाकट बाळांना असतो. नुसत्या वेढ्यानं घाबरू नका.

मेंदूकडे ऑक्सिजनचं किंवा साखरेचं कोठार नसतं. रोजचं आणायचं, रोजचं खायचं, असा त्याचा संसार. पुरवठा कमी पडायला लागला की बाळाचं शरीर कातडी, आतडी आणि मूत्रपिंडं यांचं रक्त कमी करून ते मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. म्हणून गुदमरलेल्या बाळाला पहिल्या दिवशी लघवी कमी होते आणि आम्ही सारख्या त्याच्या लघवीकडे बघत असतो. हेही पुरेनासं झालं की मग मेंदूची पाळी येते. प्रत्येक पेशीत मीठ बाहेर उपसणारा एक पंप असतो. इंधन संपलं की तो बंद पडतो, मीठ आत साचतं, मिठामागे पाणी येतं आणि पेशी फुगते. त्याच वेळी ग्लुटामेट नावाचं रसायन भसकन बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींची दारं सताड उघडतं. त्या दारांतून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीचा आतूनच नाश सुरू होतो.

हा पहिला घाव. यानंतर बाळाला श्वास दिला जातो, रक्त फिरतं, अंग गुलाबी होतं. बाहेर पेढ्यांची भाषा सुरू होते. आणि इथेच गाफील राहायचं नसतं. मातीची भिंत पुरात उभी राहिलेली तुम्ही पाहिली असेल. पाणी ओसरतं, घर जसंच्या तसं दिसतं, आणि दोन दिवसांनी, ऊन पडलेलं असताना, भिंत बसते. मेंदूचं तसंच होतं. पहिल्या घावातून बऱ्याच पेशी सावरतात. मग साधारण ६ तासांनंतर त्यांच्या आतली शक्तिकेंद्रं पुन्हा कोसळायला लागतात आणि हे तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं. झटके बहुधा याच काळात येतात. त्यानंतरही कित्येक आठवडे आत हळूहळू सूज आणि डागडुजी दोन्ही चालू असतात.

पुरवठा एकदम तुटला तर मेंदूच्या खोल गाभ्याला इजा होते. अशा मुलांचे हातपाय पुढे मनाविरुद्ध वळतात. पुरवठा अर्धवट पण बराच वेळ कमी राहिला, तर मेंदूच्या कडेकडेच्या, दोन रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरच्या भागाला झळ बसते, जशी कालव्याच्या शेवटच्या शेताला बसते. कमी महिन्यांच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या मेंदूतल्या पांढऱ्या तारा नाजूक असतात आणि पुढे पाय ताठ होतात. डॉक्टर "किती आठवड्यांचं बाळ?" असं पुन्हा पुन्हा विचारतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

बाळंतपणाआधी विचारून ठेवायच्या गोष्टी

जिथे बाळंतपण करणार तिथे नवव्या महिन्यात जाऊन सरळ विचारा: "बाळ रडलं नाही तर इथे बॅग-मास्क कोण लावणार? ती व्यक्ती रात्री असते का?" बॅग-मास्क म्हणजे बाळाच्या नाका-तोंडावर मास्क ठेवून, पिशवी दाबून हवा द्यायचं साधन. हे विचारायला लाजू नका. जन्मणाऱ्या दर १० बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते. ते बाळ कोणाचं असेल ते आधी कळत नाही.

बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. रात्रीच निघा.

कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके ऐकले जायला हवेत. कळा जोरात असताना १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाई जोर करायला लागली की दर ५ मिनिटांनी. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक. सोबत असलेल्या बाईनं "ठोके किती आहेत?" असं विचारत राहावं. मी नर्स असून सांगते, असं विचारणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येत नाही. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन घरी किंवा गावातल्या कोणाकडूनही घेऊ नका. ते औषध ठोके ऐकणारं माणूस आणि ऑपरेशनची सोय असलेल्या जागीच द्यायचं असतं. "लवकर मोकळी होईल" म्हणून गावातच इंजेक्शन टोचून आलेल्या बायांची बाळं मी काचेखाली पाहिली आहेत.

पहिलं मिनिट

न रडलेल्या बाळासाठी पहिल्या ६० सेकंदांत करायचं एवढंच: कोरड्या कपड्यानं पुसणं, उबेत ठेवणं, पाठ चोळणं, मान किंचित मागे करून श्वासाची वाट सरळ ठेवणं, आणि तरीही श्वास नसेल तर बॅग-मास्कनं हवा देणं. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते, सिलेंडर शोधण्यात मिनिट घालवायचं नसतं. उलटं धरून चापट्या मारणं, थंड पाणी शिंपडणं, कांदा हुंगवणं, वार तापवणं, यातल्या कशानंही फुप्फुसात हवा जात नाही. वेळ मात्र जातो.

हे काम फक्त मोठ्या दवाखान्यातच होतं असं समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या, थोडंच शिकलेल्या बायांना हे शिकवलं आणि त्यांनी घरातल्या बाळंतपणात गुदमरलेली बाळं वाचवली. आज आशाताई जी घरभेट देतात, तिचं मूळ त्याच कामात आहे.

रस्त्यात किंवा घरी बाळंतपण झालं तर १०८ ला फोन लावा आणि तोवर वरच्या क्रमानं पुसा, चोळा, मान सरळ करा. तोंडात चिकट दिसत असेल तर कापडानं पुसा. शिकलेलं कोणी नसेल आणि श्वासही नसेल, तर बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडानं झाकून फक्त गालातली हवा हळू फुंका, छाती जराशी उचललेली दिसेल एवढीच. मोठ्या माणसासारखी जोरात फुंकू नका.

वही

काही वर्षांपूर्वी एक आजोबा आले होते. निवृत्त पोस्टमन. हातात शाळेची २०० पानी वही. पहिल्या पानावर लिहिलेलं: पहाटे ४.१० जन्म. ४.११ पिशवीनं हवा. ४.१६ पहिला श्वास. ५.०५ गाडी निघाली. ५.५० डोळे एका बाजूला, ओठ चोखल्यासारखे. ६.२० इथे. डॉक्टरांनी ती वही दोनदा वाचली. रेफरच्या चिठ्ठीवर फक्त "बर्थ अस्फिक्सिया, प्लीज मॅनेज", म्हणजे 'बाळ जन्मताना गुदमरलंय, सांभाळा', एवढंच होतं. आजोबांच्या वहीमुळे कळलं की बाळाला वाटेतच झटका येऊन गेला आहे, आणि जन्माला सव्वादोन तासच झाले आहेत.

तुम्हीही लिहा. जन्माची नेमकी वेळ, पहिला श्वास किती मिनिटांनी, बॅग किती वेळ लावली, वजन, कितवा आठवडा, पाणी कधी गेलं आणि कोणत्या रंगाचं. अपगारचे आकडे, म्हणजे जन्मल्यावर बाळाची अवस्था सांगणारे गुण, विचारून घ्या. १ मिनिटाचा आणि ५ मिनिटांचा तर हवाच, बाळ वाईट असेल तर १० मिनिटांचाही. रंग, ठोके, प्रतिसाद, अंगातला ताठपणा आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. १ मिनिटाला ३ गुण होते म्हणून रडत बसू नका. त्या आकड्यावरून पुढचं आयुष्य कळत नाही. ५ आणि १० मिनिटांनीही गुण कमीच राहिले तर काळजी जास्त.

६ तासांच्या आत मोठ्या ठिकाणी पोचण्याला एवढं महत्त्व का, हे वर लिहिलंच आहे: दुसरी पडझड सुरू व्हायच्या आधीची ती वेळ असते. तेवढ्यात श्वास, रक्तदाब, साखर आणि तापमान ताळ्यावर आणलं तर पुष्कळ वाचतं. गाडीत बाळाला कोरड्या कपड्यात, डोक्यावर टोपी घालून न्या. पण तीन गोधड्या आणि गरम पाण्याची बाटली लावून भाजूही नका, ताप चढला की मेंदूची इजा वाढते. वाटेत मध, साखरपाणी, दूध काहीही तोंडात घालू नका. ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या ते थेट फुप्फुसात जातं.

मोबाईलवर वाचून लोक विचारतात, "बाळाला थंड का करत नाही?" नीट सांगते. पूर्ण दिवसांच्या, मध्यम किंवा गंभीर इजा झालेल्या बाळाचं तापमान ६ तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर आणून ७२ तास ठेवायचं, असा उपचार आहे. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत दर ७ बाळांमागे साधारण एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व त्यानं टळलं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या ४०८ बाळांवरचा मोठा अभ्यास २०२१ साली आला, आणि त्यात थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के तर न केलेल्यांत ३१ टक्के दगावली. त्यामुळे कुठल्या बाळाला, कुठल्या युनिटमध्ये हे करायचं याचा निर्णय तिथल्या बालरोगतज्ज्ञांवर सोडा. आणि घरी किंवा गाडीत बाळाला बर्फ लावायचा विचारही मनात आणू नका. कमी वजनाचं बाळ त्यानंच जाईल.

काचेखालचे तीन दिवस

डॉक्टर इजेचे तीन दर्जे सांगतात. सौम्य म्हणजे बाळ चिडचिडं, टक्क जागं, जरा जास्तच दचकणारं. अशी बहुतेक बाळं सावरतात. मध्यम म्हणजे मलूल, अंग सैल, चोखणं कमी आणि बहुधा झटके. गंभीर म्हणजे बेशुद्ध, श्वासासाठी मशीन. दर्जा पहिल्या दिवसात बदलू शकतो, म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं ऐकलं तर डॉक्टर खोटं बोलले असं समजू नका.

झटका ओळखायला शिका, पुढे घरी उपयोगी पडेल. नवजात बाळाचा झटका मोठ्या माणसाच्या फिटसारखा दिसत नाही. डोळे एका जागी खिळतात, ओठ-जीभ चघळल्यासारखी हलतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, किंवा श्वासच काही सेकंद थांबतो. नुसती थरथर असेल तर हात हलकेच धरला की ती थांबते. झटका धरून थांबत नाही. थरथर कधी साखर कमी झाल्याचीही खूण असते, म्हणून तीही सांगायचीच. आम्ही सारखी टाच टोचतो ती साखरेसाठी. ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूची साखरही पडली तर दुहेरी मार बसतो.

"उपाशी का ठेवलंय लेकराला?" हा आज्यांचा हमखास प्रश्न. आजी, आतड्यांनीही रक्ताचा तुटवडा सोसलाय, त्यांना एक-दोन दिवस उसंत हवी. सलाईनमधून साखर जाते आहे. पण याच वेळी आईचं दूध सुरू राहायला हवं, आणि हेच ते महत्त्वाचं काम. पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला सुरुवात करायची आणि मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी चमचाभर पिवळा चीक निघेल. तो फेकायचा नाही, वाटीत धरून आत द्यायचा. आपलं बाळ पोटाशी नसलेल्या बाईला शेजारच्या खाटेवरच्या बाळांचं रडणं ऐकत हे करणं किती जड जातं, ते मी रोज बघते. तिच्या पाठीवर हात ठेवणारं कोणी तरी हवं. नवऱ्यानं ठेवला तर फारच चांगलं. दूध आटलं की पंधरा दिवसांनी बाळ चोखायला लागतं तेव्हा हाती काहीच नसतं.

डोक्याची सोनोग्राफी, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि जमल्यास एमआरआय होतो. एमआरआय पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे काढला तर जास्त सांगतो. पहिल्याच दिवशी काढा म्हणून भांडू नका.

घरी नेल्यावर

झटक्याचं औषध दिलं असेल तर ते संपायच्या चार दिवस आधी आणा आणि स्वतःहून बंद करू नका. दूध पाजताना बाळाचं डोकं उंच ठेवा. ठसका लागत असेल, दूध प्यायला पाऊण तास लागत असेल, तर वाटी-चमच्यानं थोडं थोडं द्या आणि दाखवायला या. बाळगुटी नको, टाळूवर तेल थापणं नको, धुरी नको, पोटावर डागणं तर मुळीच नको. हलकी मालिश ठीक आहे. पण पाय ताठ आहेत म्हणून जोर लावून दाबू नका. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, तिला डिस्चार्ज कार्ड दाखवा.

आता खुणा. दोन-तीन महिन्यांत बाळ तोंडाकडे बघून हसत नाही. चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्या, अंगठा आत दुमडलेला. पाच महिने झाले तरी मान धरत नाही. उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. नऊ महिन्यांत बसत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतं. लोक "डावरा होणार" म्हणून कौतुक करतात, पण एवढ्या लहान वयात दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायला हवं. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय जन्मापासून नाही, तर बाळंतपणासाठी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा. दर भेटीला डोक्याचा घेर टेपनं मोजून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. डोकं वाढायचं थांबलं तर मेंदू वाढत नाहीये. कानाची तपासणी सांगितली असेल तर ती टाळू नका, टाळी वाजवल्यावर दचकतं म्हणून ऐकू येतं असं नसतं.

एक गोष्ट याहून तातडीची. पाच महिन्यांच्या एका बाळाची आई म्हणाली, "झोपेतून उठलं की नमस्कार करतं. मान खाली, दोन्ही हात पुढे, असं दहा-पंधरा वेळा." घरात सगळ्यांना गंमत वाटत होती, तिला वाटत नव्हती. तिनं मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी आणून दाखवला. ते झटके होते, अगदी वाईट जातीचे. त्यांचा उपचार जितक्या लवकर, तितका मेंदू वाचतो. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या, आणि व्हिडिओ काढाच. तपासणीच्या टेबलावर बाळ नेमकं शहाण्यासारखं वागतं.

फिजिओथेरपी मूल चालेनासं झाल्यावर करायची गोष्ट नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदू नवीन वाटा सगळ्यात वेगानं शोधतो. जिल्हा रुग्णालयात लवकर उपचारासाठी डीईआयसी नावाचा विभाग असतो, तिथे नाव नोंदवा. थेरपिस्ट शिकवेल ते घरी दिवसातून चार-पाच वेळा, अंघोळीच्या, कपडे बदलायच्या निमित्तानं करा. आजीला शिकवा, ती सगळ्यात चिकाटीनं करते. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार, औषधं आणि गाडी मोफत आहे. पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय नीट न चालण्याचं, निदान झालंच तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. त्यावर 'निरामय' या सरकारी आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा. एका कुटुंबानं स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी दीड एकर विकलं. मूल तसंच राहिलं, शेत गेलं. या आजारावर तो सिद्ध झालेला उपचार नाही. कोणी पैसे मागितले तर आधी आमच्याकडे येऊन विचारा.

आणि हेही: सेरेब्रल पाल्सी झालेल्या बहुतेक मुलांत जन्माच्या वेळचं गुदमरणं हे कारण नसतंच. उलट न रडलेली कितीतरी बाळं शाळेत जातात, पळतात, भांडतात. पोस्टमन आजोबांचा नातू आता तिसरीत आहे. डावा पाय किंचित ओढतो. सायकल चालवतो.

तपासणीला येताना वही, डिस्चार्ज कार्ड, औषधाची रिकामी बाटली आणि मोबाईल आणा. बाळाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली हवी. भुकेल्या, रडणाऱ्या बाळाचं अंग ताठच लागतं आणि काही कळत नाही. लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी वॉर्डात फोन करून डॉक्टर आहेत का विचारा. फोन मी उचलला तर बाळाची जन्मतारीख सांगा, मला नावापेक्षा तीच लवकर आठवते.